कुमाची राखण

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न-छप्पन सालची. कुमा लालबागच्या रेवाळे चाळीत आला तो पंचावन्नचे गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाल्यावर, आणि गेला छप्पनच्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी. मोजले तर चार महिनेही धड भरत नाहीत. पण कांताच्या मनात त्या चार महिन्यांनी जी जागा अडवली, ती पुढे कशालाच मोकळी करून घेता आली नाही.

कांता तेव्हा अठराची होती. तिचे वडील दत्ताराम परळच्या एका गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. त्या वर्षी गिरणीने जपानहून नवे साचे, म्हणजे सूत काढायची यंत्रं मागवली, आणि ते उभे करून द्यायला साच्यांबरोबर एक जपानी फिटर आला. त्याचं नाव मोरिता. खात्यातल्या माणसांनी आठ दिवसांत त्याचा मोरेसाहेब केला आणि तोही त्या हाकेला ओ देऊ लागला. बुटका, अबोल, मनगटापर्यंत कायम तेल लागलेला माणूस. बोटीने येताना त्याने आपला कुत्रा बरोबर आणला होता. घरी एकटी म्हातारी आई, तिला एवढं जनावर आवरणार नाही, म्हणून.

साचे अर्धे उभे राहिले आणि आई आजारी असल्याची तार आली. विमानाने निघायचं होतं, कुत्रा नेता येणार नव्हता. गिरणीत मोरेसाहेबाच्या जवळचं असं एकच माणूस होतं, दत्ताराम. संध्याकाळी मोरेसाहेब कुत्र्याला घेऊन चाळीत आला.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत सगळी चाळ जमली. एवढा थोरला कुत्रा कुणी पाहिला नव्हता. अंगावर तांबूस दाट केस, छाती पांढरी, कान छोटे आणि ताठ, शेपटी पाठीवर अंबाड्यासारखी वळलेली. त्याने गर्दीकडे एकदा बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं. भुंकला नाही, हुंगला नाही, शेपटी हलवली नाही.

दत्ताराम पाहुण्यासाठी चहा सांगायला खाली गेले आणि त्यांची बायको बकुळा बशा काढायला आत वळली. दाराशी कांता एकटी उरली. मोरेसाहेब तिला गिरणीतल्या मोडक्या हिंदीत सांगू लागला. भात चालतो, मासळी चालते. दुसरा कुत्रा समोर आला तर दोरी घट्ट धरायची. तो मनगट तोंडात धरतो तेव्हा चावत नाही, कुठेतरी चल म्हणत असतो. तो आपल्याकडे पाठ करून बसला तर रागवायचं नाही. ज्याच्यावर विश्वास असतो त्यालाच तो पाठ देतो आणि स्वतः बाहेर बघत बसतो. शेवटी त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"कुमा आवाज नहीं करता. बहुत बड़ा काम, तो एक आवाज. आदमी आया, गया, आवाज नहीं. चुप खड़ा रहता है. समझा?"

"समझा," कांता म्हणाली.

हे तिच्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं.

चहा झाल्यावर मोरेसाहेब उठला, कुत्र्याच्या कपाळावर हात ठेवून दोन शब्द त्याच्या भाषेत बोलला आणि जिना उतरला. कुमा जिन्याच्या तोंडाशी बराच वेळ उभा राहिला. मग वळून आला, कांताचं मनगट अलगद तोंडात धरलं, तिला दारापर्यंत नेलं आणि तिच्या पायांशी पाठ करून बसला.

त्या दिवसापासून तो तिचा झाला. घरात दत्ताराम होते, बकुळा होती, पण कुमाच्या लेखी माणूस एकच. दत्तारामांनी हाक मारली की तो मान वळवी, मनात आलं तर उठे. कांताने नुसती पातेल्यावरची झाकणी उचलली तरी उभा राही. मांजरासारखा स्वतःचं अंग चाटून साफ ठेवायचा. चाळीत त्याने कधी घाण केली नाही. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला मैदानात न्यायचं, वेळ चुकली तर मनगट धरून आठवण. पोरांनी टाकलेल्या बिस्किटाला तोंड लावत नसे. उन्हाचा त्याला फार त्रास होई. दुपारी कांता मोरीत ओलं गोणपाट अंथरून देई आणि तो त्यावर पोट टेकून पडून राही.

चाळीला मात्र तो पटला नाही. दिवाळीच्या आगेमागे त्याचे केस गळायला लागले. हातात मूठभर येत, गॅलरीभर उडत. समोरच्या खोलीतली चंपाकाकी कांताच्या दारात येऊन उभी राहिली.

"बकुळा, ह्या बघ माझ्या पापडात. माझ्या झिलान गिरणीत कापूस खायचो आणि घराक येवन पण कापूसच खायचो?"

"झाडते हो काकी," कांता म्हणाली.

"काय काय झाडशीत? आणि ता तोंड उघडणा नाय. गावच्या कुत्र्याक अर्धी भाकर घातली तर रातभर राखण करता. ह्या कोल्याक रोज बांगडो."

चंपाकाकीचा मुलगा लवू मागून हसत होता. लवू बावीस-तेवीसचा, विणाई खात्यात कामाला. चाळीत कुणाची थट्टा करायची राहिली असेल तर ती त्याच्याकडून.

"आये, तो परदेशी साहेब आहे. त्याला बोलायला लावायचं तर आधी खुर्ची द्यायला हवी," तो म्हणाला.

"तुका देतंय खुर्ची. गप बस."

हसण्यावारी गेलं, पण पुरतं गेलं नाही. चाळीतली माणसं बहुतेक कोकणातली. गावाकडे घरं लांब लांब, मधे झाडी. पाणंदीला कोणी लागलं की कुत्रा भुंकतो आणि घरातलं माणूस चूल सोडून अंगणात येतं. भुंकणं म्हणजेच राखण हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. न भुंकणारा कुत्रा म्हणजे ताक न होणारं दही. डिसेंबरात चाळीचे पुढारी गुणाजी मास्तर दत्तारामांना म्हणाले, "दत्ताराम, लोक कुरकुरतात. जानेवारीपर्यंत बघा कुठं सोय होते का."

दत्ताराम मान हलवून आले. त्या दिवशी कांता जेवली नाही. कुमाही भाताला तोंड न लावता तिच्याकडे पाठ करून बसला.

कुमा एकदाच भुंकला होता. नोव्हेंबरात बकुळाच्या हातून स्टोव्ह भडकला आणि दाराच्या पडद्याने पेट घेतला, तेव्हा. एकच आवाज, खोल, रांजणात बोलल्यासारखा. बकुळाने पडदा ओढून मोरीत टाकला आणि आठ आण्यांच्या पडद्याची बोलणी नकोत म्हणून गोष्ट घरातच ठेवली. शेजाऱ्यांनी आवाज ऐकला होता. चंपाकाकीने विचारलं तेव्हा कांता पटकन बोलून गेली, "जिन्यावर कोणीतरी परका माणूस आला होता, त्याच्यावर भुंकला."

ती थाप तिने कुमासाठी मारली. तिला वाटलं, यात कुणाचं काय जातंय.

मग जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवणार, असं दिल्लीहून रेडिओवर सांगितलं गेलं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. पुढचे आठ दिवस कसे गेले हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. गोळीबार, संचारबंदी, बंद पडलेले भोंगे. पहाटेचा भोंगा नाही तर माणसांना उठायचं कधी ते कळेना. पोलीस रोज कुठल्यातरी चाळीत शिरून पोरं उचलत होते. रेवाळे चाळीत दुसऱ्या मजल्यावर गुणाजी मास्तरांच्या खोलीत पत्रकं निघत; लवू आणि आणखी दोघं तिथेच बसत. पळायचा रस्ता होता. मागच्या गॅलरीतून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर फळी टाकली की झालं. फक्त मिनिटभर आधी कळायला हवं होतं.

गणवेशातले पोलीस नाक्यावरूनच दिसत. भीती होती ती साध्या वेशातल्यांची.

मास्तरांच्या खोलीत चाळीची माणसं जमून त्यावर बोलणं चाललं होतं, कांताही होती. लवू म्हणाला, "दत्तारामकाकांचा कुमा जिन्याखाली बसवू. परक्या माणसावर तो भुंकतो, हिनेच सांगितलंय. तो भुंकला की हिने गॅलरीतून थाळी वाजवायची. काय गो कांते?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. चंपाकाकीही होती.

"नक्की भुंकेल ना?" मास्तरांनी विचारलं.

कांताला मोरेसाहेबाचं ओठांवरचं बोट आठवलं. तिला हेही दिसलं की आज हो म्हटलं तर कुमा चाळीचा होईल, मग त्याला कोणी घालवणार नाही. जानेवारी संपायला दहा दिवस उरले होते.

"भुंकेल," ती म्हणाली.

"बघ आये, साहेबाला नोकरी लागली," लवू म्हणाला. चंपाकाकीने त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या हाताने कुमापुढे बांगड्याचं डोकं ठेवलं. त्याने ते खाल्लं नाही; काकीला वाईट वाटू नये म्हणून कांताने ते गुपचूप उचलून टाकलं.

दोन दिवस निभावले. दुपारी दूध-भाजीसाठी दोन तास संचारबंदी उठायची, तेव्हा कुमाला जिन्याच्या तळाशी बसवायचं आणि वर कांता थाळी-लाटणं जवळ घेऊन तांदूळ निवडत बसायची. जिन्याच्या लाकडी कठड्यातून तिला कुमाची पाठ दिसे. तो बाहेर तोंड करून बसलेला असे. तिने मनाशी ठरवलं होतं, तो नाही भुंकला तरी मी आहे ना. माझी नजर काढायचीच नाही. कोणी परका दिसला की मीच वाजवीन.

तिसऱ्या दिवशी तिघे आले. एकाच्या हातात दुधाचा डबा, दोघांच्या अंगावर सैल कोट. कांताने त्यांना पाहिलं. कुमा उठून जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवा उभा राहिला. आवाज नाही. पहिल्याने त्याला पायाने सारायला बघितलं तेव्हा कुमाने त्याचं मनगट तोंडात धरलं. चावला नाही, धरून ठेवलं. मागच्याने कोटाखालून दंडुका काढला आणि कुमाच्या डोक्यात घातला. कुमाची मागची तंगडी वाकली. मनगट त्याने सोडलं नाही. मग दुसरा फटका बसला.

कांता उठली. मांडीवरची थाळी तिने जमिनीवर ठेवली. आपटली नाही, वाजवली नाही; घरात ताट वाजवू नये हे लहानपणापासून अंगी मुरलेलं, तशी दोन्ही हातांनी हलकेच टेकवली. आणि जिना उतरून धावली. वाटेत ते तिघे तिला ओलांडून वर गेले, एकाचा खांदा तिच्या खांद्याला लागला. तिला दिसत होता तो फक्त पायरीवर कोसळलेला कुमा. त्याचं डोकं मांडीवर घेतल्यावर वरून पहिला आरडाओरडा ऐकू आला, आणि तेव्हा कुठे तिला थाळी आठवली.

दोघं पोरं फळीवरून गेली. लवू त्यांना पुढे घालून शेवटी निघाला होता. फळीवर पाय ठेवतानाच त्याला मागून धरलं. जिन्यावरून नेताना त्याच्या नाकातून रक्त येत होतं. तो कांताजवळून गेला, कुमाकडे बघितलं, आणि जणू चौकशी करावी तसा म्हणाला, "मेला का गो?"

"नाही," कांता म्हणाली.

संध्याकाळी चाळ कांताच्या दारात उभी राहिली. कुमाच्या डोक्याला बकुळाने हळद भरली होती. दाट केसांत जखम फारशी दिसत नव्हती.

"भुकलो नाय," चंपाकाकी म्हणाली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. "माझ्या लवूक धरून नेलो आणि ह्यो भुकलो नाय."

"काकी, त्याला मारलं त्यांनी," दत्ताराम म्हणाले.

"मार खाताना तरी कुत्रा केकाटता. ह्याच्या तोंडाक काय झाला होता?"

कांताला उत्तर माहीत होतं. त्याच्या तोंडात पोलिसाचं मनगट होतं. त्याने सोडलं असतं तर केकाटला असता. त्याच्या रीतीने त्याने राखण केली होती, दोन फटके खाऊन. पण हे सांगायचं तर पुढचा प्रश्न तयार होता: तू पाहत होतीस, मग थाळी? आणि त्याच्याही मागचा: तो भुंकत नाही हे तुला ठाऊक होतं का?

"कांता, तू कुठं होतीस?" मास्तरांनी विचारलं.

"तांदूळ निवडत होते," ती म्हणाली. "आवाज आला नाही म्हणून कळलं नाही."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीचा काय दोष. जनावरावर विसंबलो ती आपली चूक. दत्ताराम, मी त्याला वाईट म्हणत नाही, पण आता इथे नको. चंपाबाईंच्या डोळ्यांसमोर तर नकोच."

कुमा त्या सगळ्यांसमोर कांताच्या पायांना पाठ लावून बाहेर बघत बसला होता.

रविवारी सकाळी दत्ताराम त्याला वरळीच्या एका तबेल्यात घेऊन गेले. तबेलेवाला ओळखीचा होता, राखणीला मोठा कुत्रा त्याला हवाच होता. निघताना कुमाने कांताचं मनगट धरलं आणि तिला जिन्यापर्यंत नेलं. तिथे तिने त्याच्या जबड्यातून हात सोडवून घेतला. दत्ताराम परत आले, पाय धुतले आणि मोरीतलं गोणपाट वाळत घातलं.

पुढच्या दोन महिन्यांत ती दोनदा वरळीला गेली. दोन्ही वेळा कुमाने तिचं मनगट धरून तिला तबेल्याच्या फाटकाशी आणलं आणि तो थांबला. फाटकापलीकडे जायचंय एवढंच त्याचं म्हणणं होतं. तिसऱ्या वेळी जायचा तिला धीर झाला नाही. दुपारी ओलं गोणपाट लागतं हे तबेलेवाल्याला सांगायचं तिने दोन्ही वेळा ठरवलं होतं आणि दोन्ही वेळा फाटकाशी आल्यावर रडू कोसळून ती तशीच निघून आली. मे महिन्यात तबेलेवाल्याचा निरोप आला. कडक उन्हात तीन दिवस धापा टाकून कुत्रा गेला. भुंकला एकदाही नाही, असंही त्याने तक्रारीच्या सुरात कळवलं.

मोरेसाहेबाची आई फार दिवस अंथरुणाला होती. सहा महिने म्हणून गेलेला माणूस डिसेंबरात आला. जिना चढून वर आला तेव्हा त्याने कुत्र्यासाठी पितळी घुंगराचा लाल पट्टा आणला होता आणि कांतासाठी कागदी पंखा. दत्तारामांनी सगळं सांगितलं, म्हणजे त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं. मोरेसाहेब ऐकत राहिला. मग कांताकडे वळला.

"आवाज किया?"

"नहीं," ती म्हणाली.

"आदमी का हाथ पकड़ा?"

दत्ताराम मुलीकडे बघू लागले. कांताने मान खाली घातली आणि होकारार्थी हलवली. उठताना मोरेसाहेब कमरेत वाकला, तिच्यासमोर, आभार मानतात तसा. चार महिने कुत्र्याला भात घातल्याबद्दल. पट्टा त्याने खिशात घातला, पंखा कट्ट्यावर ठेवला.

दत्तारामांनी मुलीला त्याबद्दल कधी विचारलं नाही. एकाहत्तर साली ते गेले तोपर्यंत नाही. बकुळा नंतर गावी कणकवलीकडे जाऊन राहिली आणि दिरांच्या घरात तिचे शेवटचे दिवस बरे गेले. मोरेसाहेबाने उरलेले साचे उभे करून दिले आणि सत्तावन्नच्या उन्हाळ्यात तो जपानला परत गेला; त्याचं पत्र कधी आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. गुणाजी मास्तरांनी साठ सालच्या मेच्या पहिल्या तारखेला चाळीत पेढे वाटले, आणि तीन वर्षांनी त्यांना पक्षाघात झाला. चंपाकाकी शेवटपर्यंत समोरच्या खोलीत राहिली. कांताच्या लग्नात तिनेच हळद दळली.

लवू सहा महिन्यांनी सुटून आला. कोठडीत बसलेल्या मारामुळे त्याचा डावा कान गेला होता आणि गिरणीतली जागाही. पुढे तो हिंदमाताला एका साडीच्या दुकानात लागला. गिऱ्हाइकाने उजव्या बाजूला बसायचं, हे तो थट्टेवारी सांगे. दादरच्या कमलशी त्याचं लग्न झालं, तीन मुलं झाली.

कांता लग्न होऊन गिरगावात गेली. मुलांनी कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट केला तेव्हा तिने जागा नाही म्हणून सांगितलं. एकोणऐंशी साली मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला ती हिंदमाताला गेली. लवूने ओळखलं, गादीवर उजवीकडे बसवलं, चहा मागवला. शालू उलगडता उलगडता म्हणाला, "तो तुमचा कुमा गो. बिचारा. मी आयेला किती वेळा सांगितलं, त्याला तोंडच दिलं नव्हतं देवाने, तो काय करणार."

कांताच्या जिभेवर आलं होतं. दुकानात गर्दी होती, मुलगी शेजारी बसली होती, आणि लवू इतका सहज बोलत होता की त्याच्यासाठी ती गोष्ट कधीच मिटून गेली होती. तिने मोतिया रंगाचा शालू निवडला आणि घासाघीस न करता घेतला. पुढच्या वेळी एकटी येईन तेव्हा सांगेन, असं तिने ठरवलं. नंतर दोन वेळा ती हिंदमातावरून गेली, पण बसमधून उतरली नाही. लवू एक्याण्णव साली गेला. कमलला भेटायला ती गेली तेव्हा कमल म्हणाली, "तुमच्याबद्दल फार चांगलं बोलायचे."